पान हवं की फळ, ते आधी ठरव

अगं, क्रॅनबेरीची रोपं मागवू नकोस. पैसे भरले नसशील तर भरू नकोस, आणि भरले असशील तर आजच ऑर्डर रद्द होते का बघ. तू पाठवलेला व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला. कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसं आणि त्यांच्याभोवती तरंगणारी लालबुंद फळं बघून कुणालाही भुरळ पडेल. पण ते अमेरिकेतलं विस्कॉन्सिन आहे. तिथे हिवाळा महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो, आणि क्रॅनबेरीच्या वेलाला तशा थंडीचे हजारभर तास तरी मिळाले नाहीत तर तो फुलायचं नावच घेत नाही. जमीन हवी दलदलीतली, चांगलीच आंबट, सामू 4 ते 5.5 च्या दरम्यानचा. तुमच्या अभनपूरच्या शेतात मे महिन्यात पारा 44 वर जातो. तिथे ते रोप पहिला उन्हाळासुद्धा बघणार नाही. रोपं विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

आता तोंड पाडून बसू नकोस. तुझ्या डोक्यात जे आहे ते चुकीचं नाही. आंबट, लाल, टिकाऊ, जॅम-जेलीला चालणारं आणि बाईमाणसाला घरबसल्या चार पैसे देणारं फळ तुला हवंय ना? ते इथे आहे, आणि एक सोडून दोन आहेत. एक करवंद, ज्याला इथे सगळे करौंदा म्हणतात. दुसरी आपली लाल अंबाडी, म्हणजे छत्तीसगडची अमारी. अमारीच्या लाल बोंडांचा सॉस अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्रॅनबेरीच्या जागी खातात, तिथे तिला ‘फ्लोरिडा क्रॅनबेरी’ असंच म्हणतात. तुझ्या सासरच्या बाडीत, म्हणजे परसात, ती कुंपणाला उभी असेल आणि तुझी सासू तिची भाजी करत असेल. विचारून बघ.

तरी क्रॅनबेरीवाल्यांकडून शिकण्यासारखं बरंच आहे, म्हणून त्यांचा विषय इतक्यात सोडत नाही. त्या शेतकऱ्यांची सगळी हुशारी दोन गोष्टींत आहे : खत देताना हात आखडता घ्यायचा, आणि तोडणी नेमक्या वेळी करायची. करवंदाला आणि अमारीला हेच दोन नियम लागू पडतात. बाकी सगळं मागाहून शिकता येईल.

पहिल्यांदा खताचं बोलू. क्रॅनबेरीच्या एका एकराला वर्षभरात साधारण 10 ते 25 किलो नत्र देतात. तुझ्या घरात पडलेल्या युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत जवळपास 21 किलो नत्र असतं. म्हणजे एकराला वर्षाकाठी फार तर सव्वा गोणीइतकं, आणि तेही फुलोरा आणि फळधारणेच्या सुमाराला थोडं थोडं करून. उन्हाळा सरत आला की ते हात बांधून घेतात. का? जास्त नत्र मिळालं की तो वेल नुसता पसरत सुटतो. लांबच लांब फुटवे फुटतात, पानांची गर्दी होते, फळावर ऊन पडत नाही. फळं कमी लागतात, फिकी राहतात, मऊ पडतात आणि साठवणीत सडतात. उशिरा दिलेल्या खतानं कोवळी फूट येते आणि पुढच्या थंडीत तीच करपते. शिवाय पुढच्या वर्षीच्या फळाची कळी त्याच वेलावर आधीच्या उन्हाळ्यात धरलेली असते. म्हणजे एका मोसमातला खताचा हव्यास दोन मोसमांच्या मुळावर येतो.

तुझे मामंजी भाताचे शेतकरी आहेत. सुधारित भाताला हेक्टरी 100 किलोच्या आसपास नत्र लागतं आणि ते देऊन पीक साधतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. पान पिवळं दिसलं की युरिया, हा त्यांचा हिशेब भातापुरता बरोबर आहे. करवंदाच्या बाबतीत मात्र तोच हिशेब अंगलट येतो. करवंदाला युरिया घातलास की पंधरा दिवसांत झाड असं काही हिरवंगार दिसायला लागतं की घरातले सगळे खूश होतात. हात-हात लांब, लुसलुशीत फांद्या, टोकाला मावा, काटे मात्र जोरात. आणि फुलोऱ्याच्या वेळी बघशील तर पांढरी फुलं इथे चार, तिथे दोन. म्हणून म्हणते, गोणी उघडण्याआधी स्वतःला विचार : मला पान हवंय की फळ?

करवंद लावायचं कुठे, तर भाटा जमिनीवर. तुमच्या रानाच्या वरच्या अंगाला ती मुरमाड, लालसर पट्टी आहे ना, जिथे भात धड होत नाही, तीच. कन्हार आणि डोरसा या भारी जमिनी भाताला राहू देत, हलक्या मटासीवर भाजीपाला घे. करवंदाला पाणी साचलेलं खपत नाही, मुरमाड मात्र चालतं. धुऱ्यावर कुंपण म्हणून लावणार असशील तर हात-दोन हातांवर, बाग म्हणून लावणार असशील तर अडीच-तीन मीटरवर. बियांपासून रोप करायचं असेल तर बी ताजंच पेर, पिकल्या फळातून काढलं की लगेच. वाळवून ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्यानं घटते. रोपं विकत घेणार असशील तर वाण विचारून घे. पंतनगरच्या विद्यापीठाचे पंत मनोहर, पंत सुदर्शन आणि पंत सुवर्णा हे वाण आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण बोल्ड आहे. रायपूरला लाभांडीत इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहेच. तिथे जाऊन विचार, फोनवरच्या जाहिरातीला विचारू नकोस. बियांच्या रोपाला तिसऱ्या वर्षी फळ धरायला लागेल. तोवर अमारी तुझा हातखर्च भागवेल, तिच्याकडे येतेच.

करवंदाला खत म्हणशील तर पावसाच्या सुरुवातीला मोठ्या झाडाला 10 किलो चांगलं कुजलेलं शेणखत, बस्स. लहान रोपाला त्याच्या निम्मं-पाव. 10 किलो शेणखतात साधारण 50 ग्रॅम नत्र असतं, म्हणजे शंभरेक ग्रॅम युरियाइतकंच. मग फरक काय? युरियातलं नत्र आठ-पंधरा दिवसांत झाडाच्या तोंडी लागतं नाहीतर पावसानं वाहून जातं. शेणखतातलं महिनोन्‌महिने जरा जरा सुटत राहतं, आणि मुरमाड जमिनीत ओल धरून ठेवायचं कामही ते करतं. शेणखत कच्चं टाकू नकोस, त्यानं वाळवी येते. गांडूळ खत मिळालं तर उत्तमच. 2020 च्या हरेलीच्या सणाला गोधन न्याय योजना सुरू झाली तेव्हा राज्य सरकार दोन रुपये किलोनं शेण विकत घेत होतं आणि गौठाणात, म्हणजे गावच्या गुरांच्या वाड्यात, बचत गटाच्या बाया त्याचं गांडूळ खत करत होत्या. तुमच्या गावातल्या ज्या बायांनी ते काम केलंय त्यांच्या हाताला आजही ती कला आहे. त्यांच्याशी ओळख वाढव. पुढे जेली करायची वेळ आली की त्याच तुझ्या उपयोगी पडतील.

आणि मातीचा नमुना दिल्याशिवाय सुपरफॉस्फेट, पोटॅश, झिंक यांतलं काहीएक आणू नकोस. 2015 मध्ये मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाली, तिच्यात नत्र, स्फुरद, पालाशापासून लोह-जस्तापर्यंत आणि सामूसकट बारा गोष्टी तपासून मिळतात. नमुना उन्हाळ्यात घे, खत टाकण्याआधी. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची वीतभर खोल माती काढ, घमेल्यात एकत्र कर, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दे, असं करत करत अर्धा किलो उरव. शेणाच्या ढिगाखालची, झाडाखालची, बांधालगतची माती घेऊ नकोस. भाट्याची आणि कन्हारची माती एकत्र मिसळलीस तर तो अहवाल ना धड याचा ना त्याचा. सावलीत वाळवून स्वच्छ पिशवीत दे. खताच्या जुन्या गोणीत तर मुळीच भरू नकोस.

पान बघूनही थोडं कळतं. खालची, जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्राची ओढ असू शकते. वरची, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ती बहुधा लोहाची कमतरता. तिथे युरिया टाकून काही साधत नाही.

मामंजींशी यावरून वाद घालू नकोस बरं का. नवी सून आणि खताचा विषय, घरात उगीच धुसफूस होते. त्यांना एवढंच म्हण, ‘बाबा, दोन ओळी तुमच्या पद्धतीनं, दोन ओळी नुसत्या शेणखतावर.’ ओळी शेजारी-शेजारी असू देत, जमीन सारखी असू दे. फळं आली की प्रत्येक ओळीचं वेगळं वजन कर आणि वहीत लिहून ठेव. वजनकाटा घरातल्या कुणाचाही अपमान करत नाही. आणि युरियाच्या ओळी जिंकल्या, तर तेही मान्य करायची तयारी ठेव. तुमच्या जमिनीचं शेवटी तुमच्या शेतालाच माहीत.

आता तोडणी. क्रॅनबेरी मध्य सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत काढतात. घाई केली तर फळ लहान आणि फिकं. रात्री गार होऊ लागल्या की लाली चढते, म्हणून ते थांबतात. पण फार थांबलं तर फळ मऊ पडतं आणि हिमाचा तडाखा बसतो. गंमत म्हणजे फिकं फळही वाया जात नाही, लाली चढण्याआधी मुद्दाम काढलेल्या फळांचा पांढऱ्या क्रॅनबेरीचा रस बाजारात मिळतो. जे रस-सॉसला जायचं ते शेतात पाणी सोडून, तरंगवून काढतात. तुझ्या व्हिडिओत होतं ते हेच. फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात म्हणून ते तरंगतं. जे ताजं विकायचं ते मात्र कोरडंच काढतात, कारण भिजलेलं फळ टिकत नाही. म्हणजे फळ कुणाच्या ताटात जाणार हे आधी ठरतं आणि तोडणीचा दिवस व रीत त्यावरून ठरते.

करवंदाचंही तेच. सह्याद्रीतली रानकरवंदं मे महिन्यात काळी होतात, म्हणून आपल्या कोकणातल्या मावश्या तुला मे महिना सांगतील. त्यांचं ऐकून इथे घाई करू नकोस. इथे छत्तीसगडात फुलोरा फाल्गुन-चैत्रात, हिरवी फळं पावसाच्या तोंडाशी आणि पिकलेली श्रावण-भाद्रपदात. एकाच झाडाच्या तीन तोडण्या कर. पहिली पूर्ण हिरव्या, कडक फळांची. ही लोणच्याला आणि मिरचीबरोबर परतून भाजीला. रायपूरच्या शास्त्री बाजारात करौंदा येतो तो बहुतेक याच अवस्थेतला. दुसरी, फळावर गुलाबी झाक आली की. ही जेलीला आणि पाकवायला. केकवर आणि पानात जी लालभडक ‘चेरी’ असते, ती पुष्कळदा बी काढून, रंगवून पाकवलेलं करवंदच असतं. तिला असंच कडक फळ लागतं, पिकलेलं पाकात फुटतं. तिसरी जांभळ्या-काळ्या फळांची, खायला, सरबताला आणि बियाण्याला.

अवस्था ओळखायची कशी, तर एक फळ उभं चीर. आतलं बी पांढरं, सुरीखाली सहज कापलं जाणारं असेल तर लोणच्याचा दिवस. बी टणक होऊन तपकिरी पडायला लागलं असेल तर लोणच्याची वेळ गेली, आता गुलाबी होईपर्यंत थांब. जेलीसाठी आणखी एक परीक्षा आहे. फळं थोड्या पाण्यात शिजवून रस गाळ आणि गार कर. वाटीत एक चमचा रस आणि एक चमचा स्पिरिट घाल, वाटी हलकेच फिरव आणि मिनिटभर थांब. रसाचा एकसंध, थलथलीत गोळा झाला तर पेक्टिन भरपूर आहे, त्याच दिवशी जेली कर. दोन-तीन तुकडे झाले तर मध्यम, साखर थोडी कमी घाल. नुसतेच बारीक कण दिसले तर फळ फार पिकलंय, त्यात मूठभर गुलाबी-हिरवी फळं मिसळून पुन्हा शिजव. वाटीतलं मात्र फेकून दे, कुणी चाखू नये. पोरं आसपास असतात म्हणून सांगते.

तोडणी सकाळी दव सुकल्यावर कर, पाऊस चालू असताना नको. जाड हातमोजे आणि लांब बाह्यांचा सदरा घाल. देठ तुटला की पांढरा चीक येतो, तो बोटांना आणि कपड्यांना चिकटतो. फळं मिठाच्या पाण्यातून काढली की चीक सुटतो. पिकलेली फळं दोन-चार दिवसांच्या वर थांबत नाहीत, तेव्हा गिऱ्हाईक आधी आणि तोडणी नंतर. हिरवी आठवडाभर दम धरतात.

अमारीचं गणित याहून सोपं आहे, कारण तिथे एकाच रोपाचं पानही विकतं आणि बोंडही. म्हणून दोन वेगळे तुकडे कर. भाजीच्या तुकड्याला शेणखताबरोबर थोडं नत्र दे, शेंडे खुडत राहा, पान हवंय तर पान मिळेल. बोंडांच्या तुकड्याला नुसतं शेणखत, आणि गणपती बसले की शेंडे खुडणं बंद. अमारी दिवस लहान होऊ लागले की कळी धरते. तू ती जूनमध्ये पेर की ऑगस्टमध्ये, ती फुलणार शरदातच. उशिरा पेरलेलं रोप बुटकंच राहून फुलतं आणि बोंडं मोजकी देतं. म्हणून पहिला चांगला पाऊस झाला की पेर. फूल गळून गेल्यावर त्याच्या बुडाच्या लाल पाकळ्या (खरं तर निदलं) फुगायला लागतात. फुलल्यापासून साधारण तीन आठवड्यांत बोंड तयार होतं. अंगठा आणि बोटात धरून वाकवलं की कट्‌कन तुटलं पाहिजे. सुरी लागली तर उशीर झाला. आतली बोंडी हिरवी असेपर्यंतच काढ. ती वाळून तडकली की पाकळ्या चिवट होतात आणि रंग उतरतो. दर सात-आठ दिवसांनी फेरी मार, एकदमच सगळं काढायला जाऊ नकोस. सावलीत, पातळ पसरून वाळव. दहा किलो ओल्या पाकळ्यांच्या जेमतेम किलोभर सुक्या होतात, म्हणून भाव सांगताना ओल्याचा सांगतेस की सुक्याचा याचं भान ठेव.

एक शेवटचं, आणि हे पदराला गाठ मारून ठेव. फवारणीची तारीख आणि तोडणीची तारीख यांत अंतर हवंच. 1959 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत क्रॅनबेरीच्या काही मालात अमिनोट्रायझोल नावाच्या तणनाशकाचे अंश सापडले. ते औषध तोडणी झाल्यावरच वापरायची परवानगी होती, पण काहींनी आधीच मारलं होतं. तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर हे जाहीर केलं आणि ऐन मोसमात विक्री कोसळली. ज्यांनी नियम पाळला होता त्यांचाही माल पडून राहिला. करवंद-अमारीला फवारणीची गरज क्वचितच पडते. मावा आलाच तर आधी शेंडे खुडून बघ, निंबोळी अर्क बघ. औषध मारावंच लागलं तर डब्यावर लिहिलेले दिवस मोजूनच तोड. आणि भातावर मारायचं औषध उरलंय म्हणून करवंदावर मारू नकोस. तुझ्या बरणीवर तुझं नाव लागणार आहे.

पहिल्या वर्षी फार पसारा मांडू नकोस. धुऱ्यावर करवंदाची एक ओळ, बाडीत अमारीचे दोन तुकडे, आणि एक वही. वहीत खत कधी, किती, फूल कधी, तोडणी कधी, किती किलो, आणि विकलं कुणाला, एवढंच लिही. बोंडांचं सरबत झालं की दिवाळीनंतर रायपूरला घेऊन ये. चौबे कॉलनीतल्या आपल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना आधी चाखवू, त्या तोंडदेखलं गोड बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यांना आवडलं तर डूमरतराईच्या ठोक बाजाराच्या फेऱ्या मारायची तुला गरज पडणार नाही. क्रॅनबेरीच्या रोपांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून एक चांगला वजनकाटा आणि जाड हातमोजे घे. आणि मातीचा नमुना या आठवड्यात दे, पाऊस लागला की ते राहूनच जाईल.